लाल प्लेटांची जोडी

बाईंच्या टेबलासमोर जाऊन उभं राहिलं की त्या आधी डावा तळहात प्लेटांवर ठेवत, मग अंबाड्यात खोचलेला बॉलपेन काढत आणि वर न पाहता विचारत, "कुठून, कुठी, काहून?"

या तीन प्रश्नांची उत्तरं दिल्याशिवाय त्यांच्या काळात आमच्या शोरूममधून एकही नवी गाडी बाहेर पडली नाही. म्हणजे एखाद-दुसरी पडली, आणि त्यातल्या एकीचीच ही हकिकत आहे. पण आधी प्लेटांबद्दल सांगायला हवं, नाहीतर बाई कळायच्या नाहीत.

नव्या गाडीला नोंदणी होईपर्यंत स्वतःचा नंबर नसतो, आणि बिननंबरची गाडी रस्त्यावर आणणं हा गुन्हा. मग ती रेल्वेच्या वॅगनमधून उतरवून शोरूमपर्यंत आणायची कशी? वजनकाट्यावर, बॉडी बांधणाऱ्याकडे, आरटीओत न्यायची कशी? त्यासाठी आरटीओ विक्रेत्याला ट्रेड सर्टिफिकेट देतं. त्याचा नंबर लाल पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत रंगवून दोन प्लेटा करायच्या, एक गाडीच्या पुढे, एक मागे. काम झालं की सोडून आणायच्या आणि दुसऱ्या गाडीला बांधायच्या. त्या काळी कामठी रोडवर तुम्हीही पाहिलं असेल: केबिन नसलेली ट्रकची नुसती चासी, लाकडी खोक्यावर बसलेला ड्रायव्हर, डोक्याला दुपट्टा, आणि पुढे सुतळीनं बांधलेली लाल पाटी.

प्लेटेचे नियम साधे होते. गाडीत विक्रेत्याचा माणूस हवा. गिऱ्हाइकाला ट्रायल देता येते, पण गाडी त्याच्या हवाली करून मोकळं होता येत नाही. भाडं नाही, माल नाही, वरात नाही, सहल नाही. आणि प्रत्येक फेरीची नोंद रजिस्टरमध्ये: तारीख, चासी नंबर, ड्रायव्हर, निघाल्याची वेळ, परतल्याची वेळ, कुठून, कुठे, कशासाठी.

आमच्याकडे अशा दोन जोड्या होत्या, आणि महिन्याला पंचवीस-तीस गाड्या, जीप आणि ट्रकच्या चासी धरून. मी स्टॉकचा कारकून. चासी नंबर आणि इंजिन नंबर जुळवणं हे माझं काम. बाई येण्यापूर्वी प्लेटा दाराजवळच्या खिळ्यावर लटकत. ज्याला हवी तो काढून नेई, आणि रजिस्टर शनिवारी दुपारी सगळे मिळून आठवून आठवून भरत. एकदा आरटीओत त्यावरून शेठना ऐकून घ्यावं लागलं. तेव्हा नवं रजिस्टर आणलं, मी त्याच्या पानांवर एक ते दोनशे आकडे घातले, आरटीओचा शिक्का मारून आणला, आणि शेठनी ते नव्यानंच लागलेल्या टायपिस्ट बाईंकडे दिलं. त्यांना वाटलं, टायपिस्ट आहे, लिहील. बाई लिहू लागल्या हे खरं, पण घडलेलंच लिहू लागल्या.

बाई इंदोऱ्याहून सायकलनं येत. वय चाळिशीच्या अलीकडे. नवरा गिरणीत. छप्पन साली आपण सोळा वर्षांच्या होतो आणि पांढरं लुगडं नेसून आईबरोबर दीक्षेला गेलो होतो, एवढं त्यांनी एकदा मला सांगितलं होतं. त्या कामाला लागल्या त्या आठवड्यात शिपायानं माठाजवळ एक वेगळा गिलास आणून ठेवला. कोणी सांगितलं ते कोणी विचारलं नाही. तो कोणासाठी आहे हे सगळ्यांना कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं. कोणी बोलत नव्हतं त्यात मीही आलो. तिसऱ्या दिवशी बाईंनी तो गिलास उचलला, टेबलावर नेऊन त्यात टाचण्या ठेवल्या आणि परत येऊन सगळ्यांच्या गिलासानं पाणी प्याल्या. प्याल्यावर तो विसळून पालथा घातला. पुन्हा वेगळा गिलास आला नाही.

दौलत नावाचा ड्रायव्हर होता. हात चांगला, बोलणं गोड, नियमांशी वाकडं. एकदा वजनकाट्यावर जीप न्यायची होती, तर तो लाडात येऊन म्हणाला, "बाई, येता येता माह्या सासूले स्टेशनावरून घेऊन येऊ का? तिची गाडी अकराले येते."

बाईंनी रजिस्टरच्या पहिल्या पानाला चिकटवलेला नियमांचा कागद उघडला, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "स्टेशनवरून गाडी आणता येते, गाडीचे भाग आणता येतात. सासू कोणत्या गाडीचा भाग हाय गा?"

सगळं शोरूम हसलं. दौलत चार दिवस त्यांच्याशी बोलला नाही. सासू टांग्यानं आली.

पण हसण्यावारी नेण्यासारखं सगळंच नसे. ड्रायव्हरांची एक युक्ती होती, तिला ते 'जोडी फोडणे' म्हणत. दोन चासी एकाच वेळी बॉडीवाल्याकडे न्यायच्या आणि प्लेटांची जोडी एकच शिल्लक. मग पुढच्या चासीला पुढची प्लेट, मागच्या चासीला मागची, आणि दोघांनी एकमेकांना चिकटून चालायचं. चौकातल्या पोलिसाला येताना नंबर दिसतो, जाताना नंबर दिसतो. मधला भाग बघायला त्याला सवड नसते.

बाईंना हे कसं कळलं, तर रजिस्टरवरूनच. एका जोडीची एकच नोंद होती, पण बॉडीवाल्याकडून दोन चासी मिळाल्याच्या दोन पावत्या आल्या, त्याच दिवसाच्या, त्याच वेळेच्या. पावत्या माझ्याकडे आल्या होत्या. मी त्या फाइलला लावून मोकळा झालो होतो. बाईंनी त्या रजिस्टरशेजारी ठेवल्या आणि दौलतला बोलावलं. त्या ओरडल्या नाहीत. मागून प्लेट नसलेल्या पुढच्या चासीखाली कोणी आलं असतं तर त्यानं कोणता नंबर सांगितला असता, एवढंच त्यांनी विचारलं. दौलत म्हणाला, आलं तर नाही न कोणी. बाई म्हणाल्या, "नंबर कशासाठी असते गा? आपल्याले पोलिसानं सोडावं म्हणून? ज्याले लागलं त्याले सांगता यावं म्हणून असते."

त्या दिवसापासून प्लेटा परत आल्या की बाई त्या दोन्ही समोरासमोर ठेवून सुतळीनं स्वतः बांधत. कपाटाला कुलूप, किल्ली कनवटीला. दुसरी किल्ली शेठच्या ड्रॉवरमध्ये.

त्या दुसऱ्या किल्लीनंच घोटाळा केला.

शेठचे एक मेहुणे होते. प्रताप नगरात नवा बंगला बांधला होता, शोरूममध्ये भागीदारी नव्हती, पण खुर्ची होती. बाईंना ते "ए प्लेटवाली" म्हणत. बाई ऐकू येत नसल्यासारख्या टाइप करत राहत. शेवटी ते "बाई" म्हणत, तेव्हा लगेच मान वर होई. हा खेळ रोज चाले आणि रोज तेच हरत.

एका सोमवारी सकाळी बाईंनी कपाट उघडलं आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. एका जोडीची गाठ त्यांची नव्हती. पुढच्या प्लेटेचा कोपरा वाकलेला. रविवारी शोरूम बंद. त्यांनी चौकीदाराला बोलावून विचारलं. तो म्हणाला, मेहुणेसाहेब आले होते, दहाला जीप घेऊन गेले, मित्र होते बरोबर, रामटेककडे जातो म्हणाले, चारला आणून लावली. बाईंनी बॉलपेन काढला आणि उभ्या उभ्याच नोंद केली. जीपचा चासी नंबर, चालवणारे मेहुणे, कुठून शोरूम, कुठे रामटेक असे चौकीदार सांगतो, कशासाठी ते कळवले नाही, पुढची प्लेट वाकलेली. खाली सही. तेव्हा साडेनऊ झाले होते. बाईंना आणखी काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं.

अकरा वाजता पोलीस आले. कळमन्याच्या फाट्याजवळ सायकलवर कांद्याचं पोतं घेऊन येणाऱ्या एका माणसाला लाल प्लेटेच्या जीपनं उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं होतं. जीप थांबली नव्हती. रस्त्यावर पडल्या पडल्या त्यानं मागची प्लेट वाचली होती.

पोलीस गेल्यावर शेठनी बाईंना आत बोलावलं. मी तिथेच स्टॉकची यादी घेऊन उभा होतो. मला बाहेर जायला कोणी सांगितलं नाही, याचा अर्थ मला नंतर कळला. मेहुणे खिडकीशी उभे होते, आणि दाराजवळ मान खाली घालून दौलत. शेठ वाईट नव्हते, हे मी आजही म्हणेन. शांतपणे त्यांनी सांगितलं की बाई, गलतीने ओळ लिहिली असं समजा, ती काटा, आणि लिहा की गिऱ्हाइकाला ट्रायल, ड्रायव्हर दौलत. ट्रायल तर नियमात बसते. ड्रायव्हरच्या हातून ठोकर होते, त्यात नवल नाही. दौलत तयार आहे. त्याच्या घराकडे आम्ही बघू.

बाई दौलतकडे वळल्या. "तू रविवारी कुठी होता?"

"घरी," तो म्हणाला.

"मंग?"

"लिहा न बाई. शेठ सांभाळून घेतो म्हणते."

"लायसन गेल्यावर काय चालवशीन? शेठचा शब्द?"

दौलतचा हात खिशाकडे गेला. मेहुणे खिडकीजवळून म्हणाले, "ए प्लेटवाली, तुला लिहायला सांगितलंय, वकिली करायला नाही."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंच नाही. शेठना म्हणाल्या, "कोण चालवत होतं ते मी सकाळी लिहिलं आहे. दौलत घरी होता. जे झालं नाही ते माह्या हातानं होणार नाही."

शेठनी मग माझ्याकडे पाहून विचारलं की ते पान काढून टाकता येईल का. मला खरं उत्तर देता आलं, कारण ते आकड्याचं होतं. मी म्हणालो, पानं दोनशे आहेत, आकडे घातलेले आहेत, शिक्क्याखाली दोनशे असं लिहिलं आहे, एकशे नव्याण्णव चालणार नाहीत. शेठनी यादी माझ्या हातातून घेतली आणि बाईंना सांगितलं, उद्यापासून येऊ नका.

"लिहून द्या," बाई म्हणाल्या. "काहून काढलं ते लिहा, खाली तारीख टाका."

शेठनी लिहून दिलं नाही. रजिस्टर आणि किल्ली त्याच संध्याकाळी माझ्याकडे आली.

मंगळवारी सकाळी बाई नेहमीच्या वेळी सायकल लावून आत आल्या आणि आपल्या खुर्चीवर बसल्या. काम नाही, टाइपरायटर हलवलेला, समोर रिकामं टेबल. संध्याकाळी सहाला गेल्या. बुधवारी तेच. गुरुवारी टेबल गेलं, शुक्रवारी खुर्ची. बाईंनी कोपऱ्यातलं जीपचं एक नवं टायर मध्यावर आणून आडवं पाडलं, पदरानं पुसलं आणि त्यावर बसल्या. गिऱ्हाईक येत, शोरूमच्या मध्यावर टायरवर ताठ बसलेली बाई पाहत, आणि शेठना विचारत की या कोण. शेठना दर वेळी नवं काहीतरी सांगावं लागे. मी मोजलं, एका दिवसात सात जणांनी विचारलं.

जेवणाच्या सुट्टीत एकदा त्या सायकल काढून गेल्या आणि वेळेत परत आल्या. दवाखान्यात त्या कांदेवाल्याला भेटून आल्या होत्या. मी विचारलं, काय म्हणाला. बाई म्हणाल्या, बिचाऱ्याले वाटते आपण नंबर चुकीचा वाचला, कोणी त्याच्यावर विश्वास ठेवून नाही राहिलं. "मी सांगितलं त्याले, भाऊ, बरोबर वाचला तुम्ही." मग टायरवर बसून त्यांनी डबा उघडला. पाच मिनिटं उरली होती, तेवढ्यात भाकर संपवली.

नवव्या दिवशी शेठनी कागद दिला. 'टायपिस्टच्या कामाची गरज नाही.' सही, तारीख. बाईंनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि मला म्हणाल्या, "भाऊ, जोडी फोडू देऊ नका." आणि गेल्या.

नऊ दिवसांत मी त्या रजिस्टरमध्ये अकरा नोंदी केल्या होत्या. बाईंची पद्धत अशी की दोन नोंदींमध्ये ओळ सोडायची नाही. मीही सोडली नव्हती.

पुढे दीड महिन्यानं आरटीओच्या कचेरीत चौकशी लागली. ट्रेड सर्टिफिकेटचा गैरवापर झाला का, आणि प्लेट त्या दिवशी कोणाच्या हातात होती, हे तिथे ठरायचं होतं. पोलीस त्यासाठीच थांबले होते. दौलतचं नाव ठरलं की दौलतचं लायसन जाणार आणि खटला त्याच्यावर, हे सगळ्यांना माहीत होतं. शेठ, मेहुणे, त्यांचे वकील एका बाकावर. दौलत, मी, चौकीदार दुसऱ्यावर. बाई आल्या आणि आमच्या बाकाच्या टोकाला बसल्या. चौकीदाराला आदल्या आठवड्यापासून काही आठवेनासं झालं होतं. दौलत सकाळपासून नखं कुरतडत होता. बाई त्याला काही म्हणाल्या नाहीत. मलाही नाही. मी वाट पाहत होतो की काहीतरी म्हणतील. मग मलाही ठरवणं सोपं गेलं असतं.

वकिलांनी मुद्दा मांडला तो वरकरणी बिनतोड होता. या बाईंना कामावरून काढलं आहे. त्यांच्या मनात राग आहे. त्या रागात त्यांनी मागाहून ही ओळ लिहून सज्जन माणसावर बालंट आणलं आहे. वास्तविक गाडी ट्रायलला गेली होती आणि ड्रायव्हर दौलत होता.

अधिकाऱ्यांनी बाईंना विचारलं, "राग आहे का तुमच्या मनात?"

"आहे, साहेब," बाई म्हणाल्या. "नसन कसा? नोकरी गेली माही. पण राग सोमवारी दुपारचा आहे. ओळ सकाळची आहे."

वकील हसले. त्या नऊ दिवस तिथेच येऊन बसत होत्या, म्हणाले, कधीही लिहिली असेल. बाईंनी पिशवीतून शेठचा कागद काढून टेबलावर ठेवला. त्यावर तारीख होती, ओळीच्या नंतरची. अधिकाऱ्यांनी कागद पाहिला, रजिस्टर पाहिलं, आणि बाईंच्या ओळीखालच्या नोंदीच्या अक्षरावर बोट ठेवून विचारलं, हे कोणाचं. मी उभा राहिलो. रजिस्टर माझ्याकडे सोमवारी संध्याकाळी आलं, मंगळवारी सकाळी पहिली नोंद मी केली, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, तेव्हा वरची ओळ होती का. शेठ माझ्याकडे पाहत होते. मी चौदा वर्षं त्यांच्याकडे होतो.

"होती," मी म्हणालो. "मधे ओळ सुटलेली नाही, साहेब. मागाहून घालायला जागाच नाही."

आणि मग, कोणी विचारलेलं नसताना, दौलत उठला. "मी घरी होतो साहेब. रविवारी मी गाडीले हात नाही लावला."

ट्रेड सर्टिफिकेट काही महिन्यांसाठी थांबवलं गेलं. मेहुण्यांवर खटला गेला. मला गोडाऊनमध्ये बसवलं, तिथे पंखा नव्हता. आमच्या शोरूमच्या गाड्या दुसऱ्या विक्रेत्याच्या प्लेटांसाठी तिष्ठत राहिल्या. बाई परत कामावर आल्या नाहीत. शेठनी बोलावलं नाही, आणि बोलावलं असतं तरी त्या आल्या असत्या असं मला वाटत नाही. पुढे नवरा खापरखेड्याला नोकरीला लागला आणि ती मंडळी तिकडच्या वसाहतीत राहायला गेली, असं दौलतकडून कळलं. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही. त्या माझ्या डोळ्यांसमोर येतात त्या त्याच दिवशीच्या, चौकशी संपल्यावरच्या.

आम्ही पायऱ्या उतरलो. शेठची गाडी निघून गेली. दौलत बाईंच्या पाया पडायला वाकला तशी त्यांनी त्याला दंडाला धरून सरळ केलं आणि म्हणाल्या, हे काय लावलं गा, लायसन खिशात नीट ठेव आणि घरी जा, बायको वाट पाहत असन. तो गेला. मला वाटलं, आता बाई सायकल काढतील. त्यांनी सायकलकडे पाहिलं, मग कचेरीच्या खिडक्यांकडे, आणि पदर खोचून शिकाऊ लायसनच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. रांगेत सगळे पुरुष. एकानं सांगितलं, बाई, ही लायसनची रांग आहे. बाई म्हणाल्या, पाटी वाचली मी.

मी बाजूला उभा राहिलो. त्यांचा नंबर आल्यावर खिडकीतल्या कारकुनानं फॉर्म पुढे ओढून विचारलं, कोणाच्या नावानं? माह्या, त्या म्हणाल्या. तो जरा थांबला. मग विचारलं, गाडी कोणती, मोपेड लिहू?

"जड वाहन लिहिता येते का?"

"आधी हलकं चालवावं लागते बाई. मंग जड."

बाईंनी अंबाड्यातला बॉलपेन काढून त्याच्यापुढे धरला.

"तं हलकं लिहा," त्या म्हणाल्या. "सध्या."